एका पाळणाघरात दोन लसकार्डं: आरोग्य खात्याला खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त आणि मा. आरोग्यप्रमुख, पुणे महानगरपालिका

विषय: सरकारी बाल लसीकरणाच्या यादीत गालगुंड आणि टायफॉइडची लस नसल्याबाबत, आणि ती का नाही हे पालकांना कुणी सांगत नसल्याबाबत.

स.न.वि.वि.

सिंहगड रस्त्यावर मी पाळणाघर चालवते. निम्मी मुलं आयटीत नाहीतर बँकेत नोकरी करणाऱ्या आई-बापांची. उरलेली माझ्याकडच्या मावश्यांची, आजूबाजूच्या सोसायट्यांत धुणीभांडी-स्वयंपाक करणाऱ्या बायांची, एक रिक्षावाल्याचा, एक भाजीवालीची. या दुसऱ्या गटाकडून मी फी कमी घेते, काहींकडून घेतच नाही. तो माझा प्रश्न आहे, त्यासाठी मला शासनाकडून काही नको. प्रवेश देताना मात्र प्रत्येकाकडून लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स मागून घेते. त्या फायलीत जे दिसतं त्याबद्दल हे पत्र आहे.

फायलीत दोन जातींचे कागद आहेत. एक, खासगी बालरोगतज्ज्ञांकडची गुळगुळीत पुस्तिका. प्रत्येक लसीपुढे बाटलीवरून सोलून चिकटवलेलं स्टिकर, तारीख, वजन, डॉक्टरांची सही. दुसरं, सरकारी माता व बाल संरक्षण कार्ड. घडीवर फाटलेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं, सिस्टरांच्या हाताच्या निळ्या तारखा. एक गोष्ट इथेच सांगून टाकते: वेळेवर डोस घेण्यात ही कार्डवाली मुलं पुस्तिकावाल्यांच्या मागे नाहीत. डोस चुकला की आशाताई दारात येऊन उभी राहते. पुस्तिकावाल्यांना आठवण मलाच करावी लागते.

फरक वेळेचा नाही, यादीचा आहे. नवव्या महिन्यात सरकारी कार्डावर एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेला. पुस्तिकेत त्याच जागी एमएमआर, त्यात मधला एम गालगुंडाचा. पुस्तिकेत टायफॉइड आहे, कांजिण्या आहेत, हेपॅटायटिस ए आहे, दर पावसाळ्याआधीची फ्लूची लस आहे. कार्डावर यातलं काही नाही. पुस्तिका चालते आयएपी या बालरोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेच्या शिफारशींवर, कार्ड चालतं केंद्राच्या राष्ट्रीय वेळापत्रकावर.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे गालगुंड आलं. कानाखाली सूज, ताप, घास गिळताना रडारड. हा विषाणू शरीरात शिरल्यापासून सूज दिसेपर्यंत अडीच-तीन आठवडेही घेतो, त्यामुळे एकाचं उतरेपर्यंत दुसऱ्याचं फुगायचं. पुस्तिकावाल्यांपैकी एखाद-दुसऱ्याला झालं, तेही सौम्य. कार्डवाल्यांची रांग लागली. सूज आल्यावर पाच दिवस मूल घरी ठेवा असं मी सांगायची, आणि आई विचारायची, "काकू, मग कामाला कोण जाईल?" चार घरची कामं असली की चार घरचे खाडे.

कुणाला कायमची इजा झाली नाही, हे नशीब. गालगुंडाने एका कानाची ऐकण्याची शक्ती जाऊ शकते, मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते, वयात आलेल्या मुलांच्या अंडकोषाला सूज येते. प्रत्येकाला होत नाही, पण होतं.

साथ ओसरल्यावर पालकांची बैठक झाली. मागणी एकच: ज्या मुलांचं लसीकरण पूर्ण नाही त्यांना प्रवेश देऊ नका. मागणी करणारी माणसं वाईट नाहीत, घाबरलेली आहेत. पण मी कुठली यादी धरू? तुमच्या यादीप्रमाणे मावशीच्या मुलीचे सगळे डोस वेळेवर झालेले आहेत. सरकारने सांगितलेलं सगळं त्या बाईने केलं. तिला मी कुठल्या तोंडाने सांगू, की ताई, टायफॉइडच्या एका डोसचे दीड-दोन हजार भर, एमएमआरचे वेगळे भर, नाहीतर पोरीला घेऊन जा?

तेवढ्यात एका वडिलांनी पालकांच्या ग्रुपवर उलटाच संदेश टाकला. डेन्मार्कमध्ये मुलांना किती कमी लसी देतात बघा, आपल्याकडे उगाच पोरांना टोचून टोचून हैराण करतात. अमेरिकेत जे चाललंय त्याचं हे शेपूट. तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी जून २०२५ मध्ये लसीकरण सल्लागार समितीच्या सगळ्या १७ सदस्यांना घरी पाठवलं, आणि पुढे डेन्मार्कचा दाखला देत मुलांच्या लसींची यादी आखूड करण्याचा घाट घातला गेला. आता तो दाखला आमच्या धायरी-वडगावपर्यंत पोचलाय.

मी डॉक्टर नाही. पण या निमित्ताने वाचायला बसले, आणि वेगवेगळ्या देशांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. जे दिसलं ते आपल्यापुढे ठेवते, कारण हे मी पालकांना सांगण्याऐवजी आपण सांगायला हवं होतं.

डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या घरात. २०११ च्या जनगणनेत आपला एक पुणे जिल्हाच ९४ लाखांचा होता. तिथे प्रत्येक गरोदर बाईची हेपॅटायटिस बी साठी तपासणी होते, आणि जिला संसर्ग असेल तिच्या बाळाला जन्मल्याबरोबर लस मिळते. म्हणून सरसकट सगळ्या बाळांना पहिल्या दिवशी ती देत नाहीत. आपल्याकडे प्रत्येक आईची तपासणी वेळेत झालीच असेल अशी खात्री कोण देईल? म्हणून आपण चोवीस तासांच्या आत प्रत्येक बाळाला देतो, आणि ते बरोबर आहे. क्षयरोग तिथे विरळा, म्हणून बीसीजी सगळ्यांना नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा भारतात, म्हणून आपल्याकडे बीसीजी जन्मतः. गोवराची लस तिथे पंधराव्या महिन्यात, आपल्याकडे नवव्या. कारण आईकडून आलेलं संरक्षण ओसरायला लागलं की आपल्या वस्त्यांत गोवर वाट बघत बसत नाही. २०२२ च्या अखेरीला मुंबईत गोवंडी भागात काय झालं, किती लेकरं दगावली, हे आपल्याला मी सांगायला नको.

म्हणजे डेन्मार्कची यादी लहान आहे ती डेन्मार्कच्या आजारांना आणि तिथल्या दवाखान्यांना मापून. ती उचलून इथे लावता येणार नाही. एवढं मी त्या वडिलांना सांगितलं, आणि आणखी एक सांगितलं: ज्या लहान यादीचं तुम्ही कौतुक करताय ना, तिच्यात गालगुंडाची लस १९८७ पासून आहे. फुकट.

जपानची गोष्ट निराळी. तिथे १९९३ मध्ये एमएमआर बंद झाली, कारण त्यांच्या लसीतल्या गालगुंडाच्या विषाणूच्या वाणामुळे काही मुलांना मेंदूच्या आवरणाची सूज आली. तेव्हापासून तिथे गालगुंडाची लस सरकारी यादीत नाही, पालकांनी हवी तर विकत घ्यायची. आणि २०१५ व २०१६ या दोन वर्षांत गालगुंडामुळे बहिरेपण आलेले तीनशेहून अधिक रुग्ण तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मोजले. यादीतून एक लस वगळल्यावर काय होतं, याचा इतका स्वच्छ हिशेब मला दुसरीकडे सापडला नाही.

ब्रिटनने कांजिण्यांची लस वर्षानुवर्षं दिली नाही. मुलांमधल्या कांजिण्या एकदम कमी झाल्या तर मोठ्या माणसांत त्याच विषाणूने होणारी नागीण वाढेल, अशी त्यांच्या तज्ज्ञ समितीला शंका होती, आणि ती लेखी होती, कुणालाही वाचता येत होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच समितीने नवे पुरावे पाहून मत बदललं, आणि जानेवारी २०२६ पासून तिथे ही लस मुलांना मोफत सुरू झाली. नकारही कारणासकट, होकारही कारणासकट. मला हेवा वाटला तो लसीचा नाही, या पद्धतीचा.

आता शेजारी बघू. टायफॉइड हा काही डेन्मार्कचा आजार नाही, आपला आहे. टायफॉइडची नवी, लहान बाळांनाही चालणारी लस नेहमीच्या कार्यक्रमात आणणारा जगातला पहिला देश पाकिस्तान. सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ पासून औषधांना दाद न देणारा टायफॉइड पसरला, म्हणून २०१९ मध्ये त्यांनी ती सुरू केली. लस कुठली? आपल्या हैदराबादेत बनलेली. नेपाळने २०२२ मध्ये पंधराव्या महिन्याच्या डोसांबरोबर ती आणली. बांगलादेशाने ऑक्टोबर २०२५ मध्ये देशभर मोहीम घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१८ लाच या लसीची शिफारस केलेली आहे. श्रीलंकेत एमएमआर २०११ पासून सरकारी कार्यक्रमात आहे. या देशांपैकी कुणाचीही तिजोरी आपल्यापेक्षा मोठी नाही. काहींना परदेशी मदत मिळते हे मान्य. पण आपल्याकडे कारखाने आहेत. एमएमआर तर इथे पुण्यातल्या मांजरी भागातच बनते, माझ्या पाळणाघरापासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर.

आपल्या यादीत काही वाढतच नाही असं मी म्हणणार नाही. पाच आजारांवरची पेंटा आली, जुलाबांवरची रोटा आली, २०२१ पासून न्यूमोनियाची पीसीव्ही देशभर मोफत झाली, जी त्याआधी माझ्या फायलीत फक्त पैसेवाल्यांच्या पुस्तिकेत दिसायची. २०२३ पासून नवव्या महिन्यात पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस आला. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तो अशाच सिस्टरांच्या आणि आशाताईंच्या पायपिटीवर. म्हणूनच पुढच्या तक्रारी हक्काने करते आहे.

पहिली आणि मोठी तक्रार. गालगुंड आणि टायफॉइडची लस का नाही, याचं कारण पालकांपर्यंत येतच नाही. २००१ पासून देशात लसीकरणाचा राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गट आहे, तिथे चर्चा होत असणारच. कारणं असूही शकतील. गालगुंड सहसा जीवघेणं नाही, आधी गोवर-रुबेला संपवू, असं असेल. लसीतल्या विषाणूच्या वाणाबद्दल शंका असेल, काही देशांत मोठ्या मोहिमांनंतर तशा तक्रारी आलेल्या आहेत. पैसे नाहीत, असंही असेल. हे शेवटचं उत्तरसुद्धा मी ऐकून घेईन. पण आमच्या भागातल्या एका सरकारी कार्यालयात विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "मॅडम, वरून जे येतं ते आम्ही देतो." हे उत्तर त्या बिचाऱ्या कर्मचाऱ्याचं नाही, त्याच्या हातात कागदच नाही.

दुसरी तक्रार यातूनच निघते. सरकार बोलत नाही म्हणून बाकीचे बोलतात. एकीकडे डेन्मार्कवाले, दुसरीकडे सरकारी लस म्हणजे हलकी, असं समजणारे. विनादुखीच्या लसीचंच घ्या. खासगीत मिळणाऱ्या डांग्या खोकल्याच्या विनादुखी लसीने ताप कमी येतो, मांडी कमी दुखते. सरकारी पेंटामधल्या जुन्या पद्धतीच्या लसीने ताप येतो, मूल रात्रभर किरकिरतं. म्हणून माझ्याकडच्या बाया म्हणतात, आमच्या पोरांना स्वस्तातली देतात. वस्तुस्थिती अशी की त्या दुखऱ्या लसीचं डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण जास्त काळ टिकतं. हे एका ओळीचं वाक्य एखाद्या दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात का नसावं? भिंती तर मंत्र्यांच्या फोटोंनी भरलेल्या असतात.

तिसरी तक्रार फक्त महापालिकेकडे. आमचा हा पट्टा, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला, २०२१ मध्ये शहरात आला. कर शहराचा लागू झाला, पाणी मात्र अजून टँकरचं, विहिरीचं, कुठे खासगी आरओचं. जानेवारी २०२५ मध्ये याच भागात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गियां-बारे सिंड्रोमचे, रुग्ण एकामागोमाग एक निघाले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि बोट दूषित पाण्याकडे गेलं. त्या दिवसांत माझ्याकडे पाण्याचं पातेलं चोवीस तास गॅसवर असायचं, आणि मावशी दर बाटलीवर उकळल्याची वेळ लिहून चिकटपट्टी लावायच्या. जीबीएसच्या त्या साथीवर लस नव्हती, मान्य. पण त्याच वाटेने येणाऱ्या टायफॉइडवर आहे. आणि हा विषय केंद्राचा आहे, आमच्या हातात नाही, असं कृपया सांगू नका. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना ही लस मोहीम घेऊन दिली, पहिल्याच टप्प्यात एक लाखाहून जास्त मुलांना. सरकारी यंत्रणेने या नव्या लसीची मोहीम घेण्याची जगातली ती पहिली वेळ, आणि ती आपल्याच राज्यातली एक महापालिका. दिल्ली सरकारनेही १९९९ पासून स्वतःच्या हिमतीवर एमएमआर द्यायला सुरुवात केली होती. करायचं ठरवलं तर रस्ता आहे.

चौथी, छोटी. पाळणाघरात साथ आली तर कुणाला कळवायचं, मुलं किती दिवस घरी ठेवायची, बाकीच्यांच्या पालकांना काय सांगायचं, याचा साधा कागद आम्हाला कुणी दिलेला नाही. इटलीत २०१७ पासून पाळणाघराच्या प्रवेशाला दहा लसींची सक्ती आहे. आमच्या काही पालकांना तसंच हवंय. ते एक विसरतात, की इटलीत त्या दहाही लसी सरकार फुकट देतं. आधी द्यायचं आणि मग मागायचं, हा क्रम तिथे पाळला आहे.

आता मागण्या.

राज्य सरकारने केंद्राकडे एमआरच्या जागी एमएमआर देण्याची लेखी मागणी करावी, आणि ते पत्र जाहीर करावं. यात नवी फेरी नाही, जास्तीची सुई नाही, वेगळा फ्रीज नाही. नवव्या महिन्यात आणि सोळा ते चोवीस महिन्यांत जी दोन इंजेक्शनं आजही देता, तीच. फक्त बाटली बदलते. केंद्राने नाही म्हटलं तर तो नकारही कारणांसह आम्हाला वाचायला द्या.

महापालिकेने येत्या अर्थसंकल्पात टायफॉइडच्या लसीसाठी तरतूद करावी, आणि सुरुवात समाविष्ट गावांपासून करावी. लस दिली म्हणून पाण्याचं काम मागे पडलं, असं मात्र होऊ देऊ नका. पाईपलाईनला लस हा पर्याय नाही, दोन्ही हवेत.

लसीकरणाच्या प्रत्येक केंद्रावर मराठीत दोन पानांचा कागद ठेवा: सरकारी यादीत काय आहे, खासगी यादीत जास्तीचं काय आहे, ते सरकार का देत नाही, आणि घरात पैसे मोजकेच असतील तर त्यातलं आधी काय घ्यावं. हे शेवटचं सांगायला तुमचे अधिकारी कचरतील, मला माहीत आहे. पण ते तुम्ही सांगितलं नाही तर औषधाच्या दुकानातला मुलगा सांगतो.

पाळणाघरं आणि बालवाड्यांसाठी प्रभागनिहाय एका अधिकाऱ्याचा नंबर द्या, जो उचलला जाईल.

आणि बाहेरच्या देशांतलं वारं इकडे आलं तरी, जन्माच्या वेळची हेपॅटायटिस बी असो की बीसीजी, आज जे मिळतंय त्यातलं एकही कमी करू नका.

जूनमध्ये माझ्याकडे नवे प्रवेश सुरू होतात. लसीकरणाचा नियम पालकांनी लिहून दिलेला आहे, मी तो अजून फलकावर लावलेला नाही. आपलं उत्तर त्याआधी आलं, तर तो नियम तुमच्या यादीवर बेतता येईल आणि मावशीची मुलगी इथेच राहील. नाही आलं, तर पुढच्या बैठकीत पालकांसमोर हेच पत्र वाचून दाखवीन आणि आपल्या कार्यालयातून कुणीतरी त्या बैठकीला यावं, अशी विनंती आत्ताच करून ठेवते. बैठक शनिवारी संध्याकाळी असते, मुलं घरी गेल्यावर.

आपली,
एक पाळणाघरचालिका
सिंहगड रस्ता, पुणे